बापूंनी दिलेली पेनची पोच

वर्धा : मगनवाडीतून १६ जुलै १९३५ रोजी एक छोटेसे पत्र आंध्रातील राजमहेंद्रीकडे रवाना झाले. मजकूर जेमतेम दोन-तीन वाक्यांचा होता. ग्रामोद्योग संघाच्या कुमारप्पांमार्फत पाठविलेले फाउंटन पेन मिळाले, त्याबद्दल आभार. ते वापरून पाहिले. बाजारात दिसणाऱ्या विदेशी पेनांना ते चांगला पर्याय ठरेल असे दिसते, एवढाच त्याचा आशय. पत्र ज्यांना लिहिले ते कोसूरी वेंकट रत्नम नावाचे कारागीर होते आणि खाली सही होती मो. क. गांधी यांची.

भेटीदाखल आलेल्या वस्तूची पोच देताना आपण सहसा आभार मानतो आणि मोकळे होतो. दहावीत चांगले गुण मिळविलेल्या भाच्याला, निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याला, मुंजीतल्या बटूला पेन देण्याची पद्धत मराठी घरांत अजून टिकून आहे. मात्र त्यातली किती पेने मखमली डबीतून बाहेर निघतात आणि किती कपाटातच शाई वाळवीत पडून राहतात, हा प्रश्न न विचारलेला बरा. वर्ध्याहून गेलेल्या त्या पत्रात आभारांच्या जोडीला वापरून पाहिल्याची कबुली होती आणि लगेच अभिप्रायही. तोही मोजून मापून दिलेला. पेन उत्तम आहे असे सरसकट प्रमाणपत्र नाही, तर चांगला पर्याय ठरेल असे दिसते, इतकेच. लिहिणारा मुळात बॅरिस्टर होता, हे त्या सावध शब्दांतून जाणवते.

गांधीजींचे चरित्र चरख्याच्या बाजूने शेकडो वेळा सांगून झाले आहे. लेखणीच्या बाजूने ते क्वचितच सांगितले जाते. वस्तुतः सूत कातण्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक वेळ हा माणूस आयुष्यभर लिहीत होता. त्यांच्या समग्र लेखनाच्या इंग्रजी आवृत्तीचे शंभर खंड आहेत. त्यांत पत्रे आहेत, अग्रलेख आहेत, मसुदे आहेत, मौनाच्या दिवशी लिहिलेल्या चिठ्ठ्याही आहेत. एवढे लिहिणाऱ्या माणसाला आपल्या अक्षराची मात्र जन्मभर लाज वाटत राहिली.

अक्षराची लाज

२ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदरला जन्मलेल्या मोहनदासाचे शालेय शिक्षण राजकोटला झाले. चांगले हस्ताक्षर हा शिक्षणाचा आवश्यक भाग नाही, अशी समजूत त्या वयात कुठून तरी त्याच्या डोक्यात शिरली आणि विलायतेला जाईपर्यंत ती टिकली. पुढे दक्षिण आफ्रिकेत वकिलांची आणि तेथेच जन्मून शिकलेल्या तरुणांची मोत्यासारखी अक्षरे पाहिली तेव्हा त्यांना शरम वाटली. आत्मचरित्रात त्यांनी याबद्दल स्पष्ट पश्चात्ताप व्यक्त केला आहे. अक्षर सुधारण्याचा प्रयत्नही केला, पण वळण एकदा बिघडले ते बिघडलेच. मुलांना आधी चित्रकला शिकवावी, पाने-फुले-पक्षी काढता येऊ लागले की मग अक्षरे गिरवायला द्यावीत, असे मत त्यांनी याच अनुभवातून बनविले. ज्याचे स्वतःचे अक्षर बिघडलेले, त्याला ते का बिघडले याचा विचार करावाच लागतो.

अक्षराचे मोल त्यांना सार्वजनिक कामातही लवकरच कळले. १८९४ मध्ये नाताळच्या विधिमंडळात भारतीयांचा मताधिकार काढून घेणारे विधेयक आले. पंचविशीही न गाठलेल्या या वकिलाने विरोधाचा अर्ज तयार केला. आज ज्याला आपण छायाप्रत म्हणतो तिची सोय तेव्हा नव्हती. प्रती हातानेच काढायच्या होत्या. डर्बनमधील आर्थर नावाच्या वयस्कर गृहस्थांचे अक्षर सुंदर म्हणून प्रसिद्ध होते. मुख्य प्रत त्यांनी लिहिली. इतर प्रती एकाने वाचायचे आणि बाकीच्यांनी लिहायचे अशा पद्धतीने तयार झाल्या. पाच प्रती एकाच वेळी हातावेगळ्या झाल्या. व्यापाऱ्यांनी स्वतःच्या घोडागाड्या काढल्या आणि सह्या गोळा केल्या. ते विधेयक तरीही मंजूर झाले. मात्र त्यानंतर वसाहतमंत्र्यांकडे पाठविलेल्या अर्जावर पंधरवड्यात दहा हजार सह्या झाल्या. नाताळमधील भारतीयांची पहिली राजकीय चळवळ म्हणून जी ओळखली जाते तिची सुरुवात अशी शाई-कागदाने झाली.

भेटवस्तूंचा प्रश्नही आफ्रिकेतच उभा राहिला. १९०१ मध्ये भारतात परतण्याच्या वेळी नाताळच्या भारतीय समाजाने सोन्याच्या, हिऱ्याच्या वस्तूंचा वर्षाव केला. कस्तुरबांसाठी पन्नास गिनींचा सोन्याचा हार होता. ती रात्र गांधीजींनी येरझारा घालीत काढली आणि सकाळी सर्व भेटी समाजाच्या कामासाठी विश्वस्तांच्या हवाली करण्याचे ठरविले. कस्तुरबांना हा निर्णय मुळीच पटला नाही. सुनांच्या अंगावर घालायला काय राहणार, हा त्यांचा सवाल कोणत्याही संसारी बाईचा होता. हार गेलाच. भेट माणसाला मिळते की त्याच्या कामाला, हा प्रश्न त्या दिवसापासून त्यांच्या घरात कायमचा राहायला आला.

बोटीवरचे दहा दिवस

नोव्हेंबर १९०९. लंडनमधील शिष्टाई निष्फळ ठरवून गांधीजी ‘किल्डोनन कॅसल’ या बोटीने दक्षिण आफ्रिकेकडे परत निघाले होते. १३ ते २२ नोव्हेंबर या दहा दिवसांत त्यांनी ‘हिंद स्वराज्य’ हे पुस्तक गुजरातीत लिहून काढले. कागद बोटीवरचाच, बोटीचे नाव छापलेला. हस्तलिखिताची पाने २७५. उजवा हात दुखून आला की लेखणी डाव्या हातात जाई. सुमारे चाळीस पाने अशी डाव्या हाताने लिहिलेली आहेत. हस्तलिखिताची हुबेहूब आवृत्ती पुढे प्रसिद्ध झाली. उजव्या हाताच्या अक्षराला नावे ठेवणाऱ्या माणसाचे डाव्या हाताचे अक्षर तीत पाहायला मिळते.

डाव्या हाताची ही सवय पुढे फार उपयोगी पडली. येरवड्याच्या तुरुंगात उजव्या हाताचे कोपर दुखू लागले तेव्हा पत्रव्यवहार थांबला नाही, हात तेवढा बदलला. १९३० मध्ये येरवड्याहूनच दर मंगळवारी आश्रमवासीयांसाठी व्रतांविषयीचे पत्र जात असे. त्याचेच पुढे ‘मंगल प्रभात’ हे पुस्तक झाले. त्याआधीच्या तुरुंगवासात, १९२२ ते १९२४ या काळात, दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाचा इतिहास त्यांनी इंदुलाल याज्ञिकांना तोंडी सांगून लिहवून घेतला होता. पुण्याच्या वेशीवरच्या त्या तुरुंगाने मराठी मुलखाला जितके गांधीवाङ्मय दिले तितके एखाद्या प्रकाशनसंस्थेनेही दिले नसेल.

१९१५ मध्ये ते कायमचे भारतात आले. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईला काँग्रेसचे अधिवेशन भरले. तेव्हाची एक आठवण काका कालेलकरांनी सांगून ठेवली आहे. गांधीजी काहीतरी शोधीत होते. टेबल, कागद, पिशवी, सगळे धुंडाळून झाले. काय हवे म्हणून काकांनी विचारले तर कळले, दोन इंचांहूनही आखूड झालेली एक पेन्सिल. काकांनी आपल्याजवळची चांगली पेन्सिल पुढे केली, ती नको होती. मद्रासला नटेसन यांच्या लहान मुलाने ती मोठ्या प्रेमाने दिली होती, म्हणून हरविता कामा नये. दोघांनी मिळून शोधली तेव्हा कुठे गांधीजींच्या जिवात जीव आला. पन्नास गिनींचा हार परत करणारा माणूस आणि पेन्सिलीच्या थोटकासाठी कासावीस होणारा माणूस एकच होता. सोन्याचा हार समाजकार्याला देता येतो. मुलाने दिलेली पेन्सिल झिजेपर्यंत वापरण्यावाचून तिचे दुसरे काहीच करता येत नाही.

चंपारणमध्ये १९१७ साली आठ हजारांच्या घरात शेतकऱ्यांचे जबाब लिहून घेण्यात आले. निळीच्या मळेवाल्यांविरुद्ध उभारलेला हा लढा एका परीने कारकुनीचा लढा होता. नामांकित वकील दिवस दिवस बसून कुळांच्या तक्रारी उतरवून घेत. नंतर ‘यंग इंडिया’ आणि ‘नवजीवन’ ही साप्ताहिके आली. १९२५ ते १९२९ या काळात ‘नवजीवन’मधून आत्मचरित्र क्रमशः प्रसिद्ध झाले. आठवड्याचा मजकूर ठरलेल्या दिवशी पोचलाच पाहिजे. प्रवास असो, आजार असो, सभा असो. वर्तमानपत्रात काम करणाऱ्यांना या शिस्तीची किंमत वेगळी समजावून सांगायला नको.

मगनवाडीतला बोरू

१९३० मध्ये दांडीला निघताना स्वराज्याशिवाय साबरमतीला परतणार नाही असा गांधीजींचा निश्चय होता. १९३३ मध्ये तो आश्रमच विसर्जित झाला आणि जमनालाल बजाज यांच्या आग्रहाने ते वर्ध्याला आले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला हरिजन यात्रा वर्ध्याहूनच निघाली. या यात्रेत त्यांनी आपल्या सहीला भाव लावला. स्वाक्षरी हवी तर हरिजन फंडाला पाच रुपये द्यायचे. मानपत्रांसोबत आलेल्या चांदीच्या करंड्यांचा तर तिथल्या तिथे लिलाव होई. ज्या अक्षराची लाज वाटत होती त्याच अक्षराने निधी गोळा केला, हा विनोद त्यांच्याही लक्षात आला असेल.

१४ डिसेंबर १९३४ रोजी वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. अध्यक्ष वर्ध्याचेच श्रीकृष्णदास जाजू आणि चिटणीस जे. सी. कुमारप्पा. जमनालालजींनी आपली बाग आणि बंगला संघाला दिला. मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ तिचे नाव मगनवाडी ठेवण्यात आले. १९३५ च्या आरंभी गांधीजी तेथे राहायला आले. कुमारप्पा तंजावरचे ख्रिस्ती, लंडनला चार्टर्ड अकाउंटंट झालेले आणि अमेरिकेत अर्थशास्त्र शिकलेले. मुंबईतील उत्तम चाललेला व्यवसाय सोडून ते खेड्यांतील घाण्या, जाती, मधमाश्या आणि हातकागद यांचा हिशेब मांडू लागले होते.

संघाचा विचार थोडक्यात असा होता : सकाळी उठल्यापासून आपण जे जे वापरतो त्यातले खेड्यात काय बनते आणि ते सोडून आपण शहरातून, परदेशातून काय आणतो, हे प्रत्येकाने पाहावे. दात घासण्यापासून सुरुवात करावी. मग लिहिण्याचे साहित्य तरी कसे सुटणार? गिरणीच्या कागदाऐवजी हातकागद, बाटलीतल्या परदेशी शाईऐवजी देशी शाई आणि पोलादी निबेऐवजी बोरू.

आजच्या वाचकांपैकी ज्यांनी पाटीनंतर बोरू हातात धरला ती पिढी आता थोडी उरली आहे. बोरू म्हणजे नदीकाठच्या वेताची काडी. चाकूने तिरका काप घ्यायचा, मध्ये चीर पाडायची, दौतीत बुडवायचा. तिरक्या टोकामुळे देवनागरीचे उभे-आडवे फराटे आपोआप जाड-बारीक उतरतात. कित्ता गिरविण्यासाठी याच्यासारखी लेखणी नाही. टोक बोथट झाले की पुन्हा तासायचे. काडी शेजारच्या ओढ्याकाठची असल्याने परदेशी जाणारा पैसा शून्य.

पण बोरूला दर चार शब्दांनी दौत लागते. प्रवासात दौत सांडते. गाडीच्या हिंदकळ्यात त्याने लिहिता येत नाही. देशभरातून आलेल्या पत्रांच्या ढिगाला उत्तरे द्यायची, ‘हरिजन’चा मजकूर वेळेवर पाठवायचा, मसुदे तपासायचे, हे सारे बोरूने कसे निभावायचे? गांधीजींच्या स्वदेशीतली ही खरी अडचण होती आणि ती काही त्यांच्या एकट्याची नव्हती. वकील, मास्तर, कारकून, बातमीदार या सर्वांना खिशात ठेवता येणारे शाईचे पेन हवे होते. आणि बाजारात चांगले पेन म्हणजे इंग्लंड, अमेरिका किंवा जर्मनीचे. विलायती कापडाची होळी करून आलेल्या पुढाऱ्याच्या खिशाला विलायती पेन असे. हे दृश्य त्या काळी काही दुर्मिळ नसावे.

राजमहेंद्रीचे कारागीर

या अडचणीवरचे उत्तर गोदावरीच्या काठी तयार होत होते. राजमहेंद्रीचे के. व्ही. रत्नम हे सोनारकामाची आणि ठसे-साचे करण्याची कला अवगत असलेले कारागीर होते. १९२१ च्या सुमारास गांधीजींची भेट झाली असता, देशाच्या उपयोगी पडेल अशी एखादी साधी वस्तू येथेच बनवावी, असा सल्ला त्यांना मिळाला आणि त्यातून पेनची कल्पना निघाली, असे रत्नम घराण्यात सांगितले जाते. १९३२ मध्ये त्यांनी राजमहेंद्रीत पेनचा कारखाना काढला.

पेन बनविणे वरवर सोपे वाटते. गंधक घालून कठीण केलेल्या रबराचा, म्हणजे एबोनाइटचा, काळा दांडा घ्यायचा, लेथवर कातायचा, आतून पोकळ करायचा, आटे पाडायचे, टोपण बसवायचे, घासून चकाकी आणायची. ड्रॉपरने शाई थेट पोटात भरायची, म्हणजे आत रबरी नळीची भानगड नाही. असे पेन एकदा भरले की कित्येक दिवस चालते. फक्त शाई संपत आली की हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि एखादा थेंब कागदावर पडतो. म्हणून जाणकार ते कधी फार रिकामे होऊ देत नाहीत.

खरी परीक्षा निबेची. सोन्याचा पातळ पत्रा लवचिक असतो आणि शाईने गंजत नाही. मात्र टोकाला झिजू नये असा अतिकठीण धातूचा कण जोडावा लागतो, त्याच्या बरोबर मधून केसाएवढी चीर काढावी लागते आणि खालच्या जिभेतून शाई नेमकी तेवढीच यावी लागते. कमी आली तर पेन अडते, जास्त आली तर खिसा निळा होतो. पेन देशी आणि निब परदेशी, अशी तडजोड त्या काळी सर्रास होती. रत्नम यांनी पाठविलेल्या आधीच्या पेनमध्ये काही भाग परदेशी असल्याने गांधीजींनी ते स्वीकारले नाही. नंतर सर्व भाग येथेच बनतात की नाही याची खात्री करून घेण्याचे काम कुमारप्पांकडे आले, असे त्या घराण्यातील आख्यान आहे. आख्यानातला तपशील बाजूला ठेवला तरी पेन कुमारप्पांच्याच हातून पोचले, ही गोष्ट पत्रात नोंदलेली आहे. ग्रामोद्योग संघाच्या चिटणिसाच्या हातून आलेली वस्तू म्हणजे हिशेबतपासनीसाच्या नजरेखालून गेलेली वस्तू.

बोरूचा पुरस्कार करणाऱ्याने फाउंटन पेन वापरून त्याला बरे म्हणावे, यात विसंगती शोधणाऱ्यांना ती सापडेल. पण पत्राचा रोख पाहावा. तुलना केली आहे ती बाजारातील विदेशी पेनांशी. ज्याला बोरूने भागविता येते त्याने बोरू वापरावा. ज्याला भागत नाही त्याचे पैसे निदान राजमहेंद्रीच्या कारागिराला मिळावेत. शाईबाबतही असाच खटाटोप बंगालमध्ये चालला होता. रसायनशास्त्रज्ञ सतीशचंद्र दासगुप्ता यांनी गांधीजींच्या इच्छेवरून देशी शाई तयार केल्याचे आणि त्यातूनच पुढे मैत्र बंधूंची ‘सुलेखा’ शाई निघाल्याचे सांगितले जाते. ‘सुलेखा’चा जन्म १९३४ चा, म्हणजे ग्रामोद्योग संघाच्याच वर्षीचा.

सेवाग्रामचा डाक-थैला

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याहून चालत शेगाव या खेड्यात राहायला गेले. कचेरी मात्र काही काळ मगनवाडीतच राहिली आणि त्याचा सर्वांत मोठा भार महादेवभाई देसाई यांच्यावर पडला. महादेवभाई मगनवाडीहून टपाल घेऊन शेगावला चालत जात आणि पुन्हा चालत परत येत. जाऊन-येऊन सुमारे अकरा मैल, तेही वर्ध्याच्या उन्हाळ्यात. वर्ध्याचा उन्हाळा ज्यांनी अनुभवला आहे त्यांना यापुढे काही सांगण्याची गरज नाही. पुढे त्यांची प्रकृती ढासळली त्यात या पायपिटीचा वाटा होता, असे त्यांच्या निकटवर्तीयांनी मानले आहे.

महादेवभाईंचे अक्षर देखणे होते. अक्षराची लाज वाटणाऱ्या गुरूला असा चिटणीस मिळाला होता. गांधीजींच्या नावे गेलेली कितीतरी पत्रे, मसुदे आणि टिपणे महादेवभाईंच्या लेखणीतून उतरली आहेत. १५ ऑगस्ट १९४२ रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये बंदिवासात असताना त्यांचे अकस्मात निधन झाले. सेवाग्रामच्या आश्रमात त्यांची कुटी आजही आहे.

सेवाग्राम हे नावसुद्धा टपालाने दिलेले आहे, ही बाब वर्धेकरांखेरीज इतरांना फारशी ठाऊक नसते. विदर्भात बुलडाणा जिल्ह्यात गजानन महाराजांचे शेगाव आधीपासून प्रसिद्ध होते. महात्माजींची पत्रे तिकडे जात आणि घोटाळा होई. म्हणून १९४० मध्ये गावाचे नाव बदलून सेवाग्राम करण्यात आले.

या गावात लेखनाची काटकसर पराकोटीची होती. आलेल्या पत्रांची कोरी बाजू वाया जात नसे. पाकिटे उलटी करून त्यांवर टिपणे लिहिली जात. सोमवारी गांधीजींचे मौन असे. त्या दिवशी सगळा संवाद अशा चिटोऱ्यांवर चाले. २ जून १९४७ रोजी फाळणीची योजना सांगण्यासाठी माउंटबॅटन यांनी त्यांना दिल्लीत बोलावले तेव्हा नेमका सोमवार होता. देशाच्या इतिहासातील त्या अवघड भेटीतले गांधीजींचे म्हणणे जुन्या पाकिटांच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलेले आहे. व्हाइसरॉयने ते कपटे जपून ठेवले.

सेवाग्रामच्या वर्षांत त्यांच्या हातून काय काय लिहून झाले याची यादी करू लागल्यास लेख पुरणार नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि नई तालीमची योजना पुढे आली. हाताचे काम आधी आणि अक्षर नंतर, हा तिचा गाभा. राजकोटच्या शाळेत अक्षर बिघडलेल्या मुलाचा त्यात हात होता, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. २३ जुलै १९३९ रोजी हिटलरला युद्ध टाळण्याची विनंती करणारे छोटे पत्र लिहिले, त्यावर पत्ता वर्ध्याचा आहे. ब्रिटिश सरकारने ते पुढे जाऊ दिले नाही. ‘रचनात्मक कार्यक्रम’ ही पुस्तिका १३ डिसेंबर १९४१ रोजी सेवाग्रामहून बारडोलीला जाताना रेल्वेत लिहिली. धावत्या गाडीत दौत उघडी ठेवून बोरू चालविणे शक्य नव्हते, एवढे तर आपल्यालाही समजते.

ऑगस्ट १९४६ मध्ये ते सेवाग्रामहून दिल्लीला गेले. नंतर नौखाली, बिहार, कलकत्ता, पुन्हा दिल्ली. फेब्रुवारी १९४८ च्या आरंभी सेवाग्रामला येण्याचा बेत होता. २९ जानेवारीच्या रात्री थकलेल्या अवस्थेत त्यांनी काँग्रेसच्या नव्या घटनेचा मसुदा पुरा केला. काँग्रेसने राजकीय संघटना म्हणून विसर्जित होऊन लोकसेवक संघ व्हावे, ही त्यातील सूचना. ३० तारखेला सकाळी तो मसुदा प्यारेलाल यांच्याकडे तपासायला दिला आणि त्यात राहिलेल्या उणिवा भरून काढण्यास सांगितले. त्याच संध्याकाळी प्रार्थनेला जाताना त्यांची हत्या झाली. वर्धा परिसरात त्यांची वाट पाहणाऱ्यांच्या हाती मसुदा आला, बापू आले नाहीत.

अकरा लाखांचे पेन

२९ सप्टेंबर २००९ रोजी जर्मनीच्या मॉन्ट ब्लाँक कंपनीने मुंबईत ‘महात्मा गांधी’ नावाचे पेन बाजारात आणले. निबेवर काठी घेऊन चालणारे गांधीजी कोरलेले, दांड्यावर चरख्याच्या सुताची आठवण म्हणून सोन्याची तार गुंडाळलेली. दांडी यात्रेच्या २४१ मैलांचे स्मरण म्हणून पेनेही २४१. एकेकाची किंमत अकरा लाख रुपयांहून अधिक. कंपनीच्या कारागिरीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. निबेवरचे काम खरोखरच अप्रतिम होते. पण ज्याने पाच रुपयांना सही विकून तो पैसा हरिजन फंडाला दिला त्याचे नाव या वस्तूवर शोभत नाही, अशी भावना देशभर उमटली. राष्ट्रपुरुषांच्या नावांचा व चित्रांचा व्यापारी वापर रोखणाऱ्या १९५० च्या कायद्याचा आधार घेऊन केरळमध्ये न्यायालयात दाद मागण्यात आली आणि २०१० मध्ये कंपनीने भारतातील विक्री थांबविली.

वर्ध्यात मगनवाडी अजून उभी आहे. गांधीजींच्या हस्ते ३० डिसेंबर १९३८ रोजी उघडलेले मगन संग्रहालय तेथे आहे आणि ग्रामोद्योगांचे नमुने तेथे पाहायला मिळतात. राजमहेंद्रीचे नाव २०१५ पासून अधिकृतपणे राजमहेंद्रवरम झाले. रत्नम यांच्या घराण्याने पेनांचा व्यवसाय पुढे चालविला; एबोनाइटचा दांडा लेथवर कातून पेन हाताने घडविण्याची जुनी रीत त्यांनी सोडली नाही. भेट म्हणून द्यायला हे पेन मागविणारे ग्राहक आहेत आणि रोजच्या लिहिण्यासाठी घेणारेही. त्या घराण्याने एक पत्र जपून ठेवले आहे. त्यावर तारीख आहे १६-७-३५ आणि ठिकाण, वर्धा.